कोकणात जमीन मोजून घेताना: मोजणीदार कोणता बोलवावा आणि खर्च किती येतो

देवगड तालुक्यातील आमच्या बत्तीस गुंठ्यांच्या कलमबागेला गडगा घालायचे ठरले तेव्हा आम्ही ओळखीतून एक खासगी सर्व्हेअर बोलावला. तो सकाळी आला, दोन-तीन ठिकाणी यंत्र लावले, चुन्याने खुणा करून दिल्या आणि दुपारच्या जेवणाआधी पैसे घेऊन गेला. त्या खुणांवर आम्ही चिऱ्याचा गडगा बांधला. पुढे लगतच्या शेजाऱ्याने सरकारी हद्द कायम मोजणी (अभिलेखातील हद्द जमिनीवर दाखवून देणारी मोजणी) मागवली आणि आमचा गडगा एका टोकाला सुमारे चार फूट त्याच्या जमिनीत गेल्याचे निघाले. तो भाग काढून पुन्हा बांधण्याचा खर्च सरकारी मोजणीच्या शुल्काच्या कित्येक पटींनी जास्त झाला. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की त्या गृहस्थाने मूळ मोजणीचे कागद पाहिलेच नव्हते. मोबाइलवर उतरवलेला गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवून त्याने कोपरे काढले होते. गावनकाशा लहान प्रमाणावर काढलेला असतो. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटरची चूक झाली, तर जागेवर ती दहा मीटरची होते. यंत्र कितीही अचूक असले तरी त्यात घातलेला आधार ढोबळ असेल, तर निघणारी हद्दही ढोबळच असते.

म्हणून मोजणीदार शोधण्यापूर्वी मोजणी कशासाठी हवी आहे, हे ठरवावे. शेजाऱ्याशी असलेली हद्द निश्चित करायची असेल, भावकीतील हिस्से पाडायचे असतील किंवा पुढेमागे महसूल कार्यालयात अथवा न्यायालयात नकाशा दाखवावा लागणार असेल, तर मोजणी भूमी अभिलेख विभागाकडूनच करून घ्यावी लागते. तिचा अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे जातो. घराचा आराखडा बसवण्यासाठी उतार मोजायचा असेल, सड्यावरची (कातळी माळावरची) जागा सपाट करण्यासाठी किती माती-दगड हलवावे लागतील हे काढायचे असेल, बागेतील वाट, विहीर, पाण्याची टाकी आणि झाडे नकाशावर घ्यायची असतील, तर खासगी सर्व्हेअर योग्य. ते काम सरकारी भूकरमापक करतही नाही. दोन्ही गरजा असतील तर आधी सरकारी मोजणी आणि तिच्या खुणांवर आधारलेला खासगी सर्व्हे, हा क्रम ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास खासगी सर्व्हेचे पैसे बहुधा दुसऱ्यांदा द्यावे लागतात.

मात्र २०२५ मध्ये राज्य शासनाने परवानाधारक खासगी भूमापकांकडून मोजणी करून घेण्याची व्यवस्था जाहीर केली. आपल्या तालुक्यात असा भूमापक मिळत असेल, तर त्याचा परवाना पाहावा आणि त्याच्या नकाशावर भूमी अभिलेख कार्यालयाचे प्रमाणीकरण होणार आहे ना, हे लेखी विचारून घ्यावे. प्रमाणीकरण नसलेला नकाशा हद्दीच्या वादात उपयोगी पडत नाही.

आधी कागद

भूकरमापक जागेवर नवी हद्द ठरवायला येत नाही. मूळ मोजणीच्या वेळी जी हद्द कागदावर नोंदली गेली, ती पुन्हा जमिनीवर उतरवून दाखवणे हे त्याचे काम आहे. हे एकदा लक्षात आले की कागदांवर आधी वेळ का घालवायचा, ते वेगळे सांगावे लागत नाही.

चालू सातबारा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीसह १५ रुपयांत मिळतो. परंतु सातबारा म्हणजे नकाशा नव्हे. त्यात क्षेत्र आणि नावे असतात, जमिनीचा आकार नसतो. आकार मिळतो तो टिपण (मूळ मोजणीचे मापांसह रेखाटन), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब) आणि फाळणी (हिस्से पाडल्याचा नकाशा) या भूमी अभिलेख कार्यालयातील कागदांवरून. त्यांच्या नकला अर्ज करून घ्याव्यात. जुन्या टिपणावर मापे साखळी आणि आण्यांत असतात. साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. एका साखळीचा चौरस भरतो १,०८९ चौरस फूट, आणि तोच आपला गुंठा. टिपणावर मधून एक पायारेषा जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे अंतर लिहिलेले असते. हा कागद समोर ठेवून बागेत एकदा फिरून आले तरी घरातल्या बऱ्याच समजुती गळून पडतात. आमच्या टिपणात पूर्वेची हद्द सरळ रेषेत होती, आणि जागेवरची वई (कुंपण) मात्र एका फणसाला वळसा घालून गेली होती. तीन पिढ्या आम्ही तो फणस आमचा समजत आलो होतो.

यानंतर क्षेत्रांची बेरीज तपासावी. एखाद्या सर्व्हे नंबरच्या सगळ्या हिस्स्यांचे सातबारावरील क्षेत्र मिळून त्या नंबरच्या आकारबंदातील (प्रत्येक नंबरचे क्षेत्र व सारा नोंदणारे पत्रक) क्षेत्राएवढे आले पाहिजे. ते येत नसेल तर मोजणी अडकते किंवा तिचा निकाल अपुरा राहतो. चूक केवळ लेखनाची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. तो मोजणीच्या अर्जाआधी निकाली काढावा. पोटखराब्याचीही (नंबरातील लागवडीखाली न येणारे क्षेत्र) नोंद पाहावी. वर्ग ‘ब’ पोटखराबा म्हणजे व्हाळ (ओढा), पाणंद, रस्ता यांसारख्या कामांसाठी राखलेले क्षेत्र. ते आपल्या नंबरात मोडत असले तरी त्यावर कुंपण घालता येत नाही. अशी पाणंद जागेवर बुजलेली असते आणि मोजणीच्या दिवशी अचानक नकाशातून वर येते.

कोकणातली खरी अडचण याच टप्प्यावर दिसते. येथील कित्येक सातबारे सामाईक आहेत. एकाच हिस्स्यावर वीस-तीस नावे असतात आणि घरातली वाटणी तोंडी असते. सातबारावर हिस्सा पडलेला आहे, पण त्याची फाळणी कधी झालेलीच नाही, असेही आढळते. अशा हिस्स्याची हद्द कायम करून मागणे निरर्थक ठरते, कारण कायम करायला मुळात हद्दच अभिलेखात नाही. तेथे आधी पोटहिस्सा मोजणी (हिस्से पाडून त्यांच्या हद्दी आखणारी मोजणी) करावी लागते, आणि तिच्यासाठी सर्व सहधारकांची संमती किंवा वाटपाचा आदेश लागतो. मुंबईत, सुरतेत आणि आखातात पसरलेल्या भावकीच्या सह्या गोळा करायला गणपतीचे दिवस सर्वांत सोयीचे, कारण त्या आठवड्यात सगळे एकाच पडवीत बसलेले असतात. फक्त आरतीआधी विषय काढू नये, एवढे तारतम्य ठेवावे.

सरकारी मोजणीचे शुल्क

अर्ज ‘ई-मोजणी’ प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. ते जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रातून करावा. अर्जात मोजणीचा प्रकार, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर, मोजणीचा उद्देश, जागेचा कच्चा नकाशा आणि चारही बाजूंच्या लगतधारकांची नावे व पत्ते द्यावे लागतात. लगतधारकांच्या पत्त्यांबाबत आळस करू नये. गावाचा पत्ता देऊन मोकळे झाले की नोटीस बंद घराच्या कडीला लटकते, माणूस विरारला असतो, आणि मोजणी झाल्यावर ‘मला कळवलेच नाही’ अशी हरकत येते. शक्य असेल तर फोन करून सध्याचा पत्ता विचारून घ्यावा. त्या एका फोनने हरकतीची धारही बोथट होते.

डिसेंबर २०२४ पासून मुदतीनुसार मोजणीचे दोनच प्रकार ठेवले गेले आहेत: नियमित आणि द्रुतगती. पूर्वीचे साधी, तातडी, अति तातडी हे वर्ग आता नाहीत, तरी बोलण्यात ते अजून येतात, त्यामुळे गोंधळू नये. ग्रामीण भागातील शेतजमिनीसाठी दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीचे शुल्क २,००० रुपये आणि द्रुतगतीचे ८,००० रुपये आहे. पुढील प्रत्येक दोन हेक्टरांसाठी अनुक्रमे १,००० आणि ४,००० रुपये वाढतात. म्हणजे चार हेक्टरांच्या काजूबागेला नियमित मोजणी ३,००० रुपयांत होते आणि द्रुतगतीला १२,००० रुपये पडतात. नगरपालिका व महानगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमित ३,००० आणि द्रुतगती १२,००० रुपये, आणि त्यापुढे प्रत्येक हेक्टराला १,५०० व ६,००० रुपये असा हिशेब आहे. नियमित मोजणीची मुदत नव्वद दिवसांची आणि द्रुतगतीची तीस दिवसांची ठरवलेली आहे. आपण जमीन कोणत्या वर्गात दाखवतो आणि अर्जात किती नंबर घालतो, यावर अंतिम रक्कम ठरते. पैसे भरण्यापूर्वी प्रणाली ती दाखवते, म्हणून तेवढ्यावर थांबून एकदा पाहावे.

कुटुंबातील वाटणीसाठी मात्र मोठी सवलत आहे. एकत्र कुटुंबातील नोंदणीकृत वाटणीपत्रानुसार होणाऱ्या पोटहिस्सा मोजणीचे शुल्क २०२५ मध्ये प्रति पोटहिस्सा २०० रुपये करण्यात आले. ज्यांची वाटणी अजून तोंडी आहे त्यांनी वाटणीपत्र नोंदवून मग मोजणी मागवावी. पैशाचा फायदा तर आहेच, पण पुढील पिढीच्या सातबारावर तीस नावे राहणार नाहीत, हा त्याहून मोठा लाभ आहे.

द्रुतगतीचे चौपट शुल्क भरायचे का? खरेदीखताची तारीख ठरली असेल किंवा बँकेचे कर्ज अडले असेल, तर भरावे. एरवी नियमित मोजणी पुरते, फक्त अर्जाची वेळ साधली पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात मळ्यात भात उभे असते, व्हाळ भरलेले असतात आणि गवत कमरेपर्यंत येते. त्या दिवसांत खुणा सापडत नाहीत. मार्चनंतर आंब्याची काढणी सुरू झाली की मजूर मिळत नाहीत. भातकापणी उरकल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. ऑगस्टअखेर अर्ज केला तर नव्वद दिवस नोव्हेंबरअखेर संपतात. आम्ही आता असेच करतो.

शुल्काव्यतिरिक्त अर्जदाराच्या पदरी येणारा खर्च दुर्लक्षिला जातो. रेषा मोकळी करायला कोयता चालवणारी दोन माणसे, पहार, चुना, हद्दीचे दगड आणि ते पुरण्याची मजुरी, हे सगळे आपण पाहायचे असते. करवंदीच्या जाळ्या दाट असतील तर साफसफाईलाच दोन दिवस जातात, आणि ती मोजणीच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण व्हावी. रान साफ नाही म्हणून मोजणी पुढे ढकलली गेली की पुन्हा तारीख, पुन्हा नोटिसा आणि मुंबईहून आलेल्या माणसाचे परतीचे तिकीट वाया, हे ओघाने येते. शुल्काचे पैसे फक्त चलनानेच भरावेत. पावती न मिळणारी कोणतीही रक्कम मोजणीच्या खर्चात मोडत नाही.

खासगी सर्व्हेअर निवडताना

खासगी सर्व्हेचे दर शासनाने ठरवलेले नाहीत. कोणी दिवसाचा दर सांगतो, कोणी एकराचा, कोणी पूर्ण कामाचा ठोक आकडा देतो. त्यामुळे दोन दरपत्रके शेजारी ठेवली तरी तुलना होत नाही. ती होण्यासाठी आपणच काम एका कागदावर लिहून सर्वांना सारखेच द्यावे: क्षेत्र किती, समोच्च रेषा (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) किती अंतराने हव्यात, झाडे घ्यायची का, जागेवर कायमचे दगड किती पुरायचे आणि अखेरीस हाती काय द्यायचे. आंब्याची प्रत्येक कलम नकाशावर घ्यायची म्हटली तर एका दिवसाचे काम दोन दिवसांचे होते; केवळ बाह्य हद्द आणि उतार हवा असेल, तर नको असलेल्या झाडांचे पैसे मोजू नयेत. सर्व्हेअर जीएसटी नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के कर वर लागतो. तो दरात धरला आहे की नाही, हे आधी विचारावे. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्चही रत्नागिरी वा कणकवलीहून येणाऱ्या माणसाच्या बाबतीत लहान नसतो. म्हणून लगतच्या दोघा-तिघांनी मिळून एकाच खेपेत काम करून घेतल्यास प्रत्येकाचा भार हलका होतो.

यंत्राबद्दलही एक प्रश्न अवश्य विचारावा. रोव्हर हे यंत्र उपग्रहांचे संकेत आणि राज्यभर उभारलेल्या ७७ कोअर्स स्थानकांची (उपग्रह संकेत सतत नोंदणारी स्थिर केंद्रे) दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरच्या अचूकतेने स्थान सांगते. उघड्या कातळावर त्यासारखे सोयीचे काही नाही. पण माडाच्या बनात किंवा जुन्या कलमांच्या गच्च छपराखाली त्याला आकाश दिसत नाही आणि आकडे डळमळू लागतात. तेथे मोकळ्या जागेत रोव्हरने दोन बिंदू पक्के करून त्यांवरून टोटल स्टेशनने (तिपाईवरून कोन व अंतर मोजणारे यंत्र) आत जावे लागते. ‘बागेत कसे मोजणार?’ एवढे विचारले आणि समोरच्याने ही पद्धत आपणहून सांगितली, तर त्याला काम येते असे समजण्यास हरकत नाही. ‘रोव्हर आहे, सगळे होते’ असे उत्तर आले, तर दुसरा माणूस पाहावा.

काम संपल्यावर छापील नकाशाबरोबर कॅडची (संगणकावर उघडता येणाऱ्या आराखड्याची) फाइल, बिंदूंच्या निर्देशांकांची यादी आणि जागेवर ठेवलेल्या दोन कायम खुणांचे वर्णन मागून घ्यावे. ही सामग्री हाती असेल तर पुढचा कोणताही सर्व्हेअर तेथूनच सुरुवात करू शकतो. ती नसेल तर पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. शेवटचा हप्ता ही फाइल मिळाल्यावरच द्यावा.

समुद्राजवळची जागा असेल, तर आणखी एक वेगळा सर्व्हे येतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांखाली येतो, आणि त्यातील बांधकामासाठी भरतीरेषा दाखवणारा नकाशा लागतो. ही रेषा गावातल्या सर्व्हेअरने काढून चालत नाही; केंद्र शासनाने अधिकृत केलेल्या मोजक्या संस्थांकडूनच ती घ्यावी लागते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील सुदूर संवेदन संस्था ही त्यांपैकी एक. या कामाचा खर्च आणि लागणारा काळ दोन्ही नेहमीच्या मोजणीपेक्षा बरेच मोठे असतात, म्हणून खाडीकाठची किंवा पुळणीलगतची जागा घेण्यापूर्वीच ती सीआरझेडच्या कोणत्या वर्गात येते, हे पाहावे.

मोजणीच्या दिवशी आणि नंतर

त्या दिवशी घरातील जाणती व्यक्ती, शक्यतो ज्यांनी जुने दगड पाहिले आहेत असे कोणीतरी, जागेवर असावे. भूकरमापक आधी आसपासच्या नंबरांचे जुने दगड आणि पक्क्या खुणा शोधतो, कारण त्यांच्यावरूनच त्याला टिपण जमिनीवर बसवायचे असते. आमच्या बागेत त्याने निवडुंगाखाली पहार मारून हातभर खोल जांभ्याचा एक चिरा काढला. टिपणातील कोपरा बरोबर तेथेच येत होता. त्या चिऱ्याची आठवण फक्त शेजारच्या वाडीतील एका आजोबांना होती आणि ते त्या दिवशी सहज म्हणून येऊन बसले होते.

मोजणी चालू असताना शेजाऱ्याची हरकत असेल तर ती भूकरमापकाला लेखी नोंदवू द्यावी. बांधावर वाद घालून काहीच साध्य होत नाही. आपला जबाब सही करण्यापूर्वी वाचावा. हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात तेव्हाच दगड पुरून घ्यावेत, प्रत्येक दगडाचे छायाचित्र मागच्या झाडासह किंवा घरासह काढावे आणि दोन दगडांतील अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. चुन्याच्या खुणा पहिल्या वळवापर्यंतही टिकत नाहीत.

पुढे कार्यालयातून नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तिच्यावर अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. कोणती रेषा कशाची, हे खालच्या खुणांच्या सूचीत वाचूनच नकाशाकडे पाहावे. या दोन रेषांमधील जागा म्हणजे अतिक्रमण, मग ते शेजाऱ्याचे असो वा आपले.

मोजणी मान्य नसेल तर उप अधीक्षकांकडून निमताना मोजणी (वरिष्ठांनी केलेली फेरमोजणी) आणि तीही अमान्य असेल तर जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना मोजणी मागता येते. भूकरमापक अतिक्रमण काढून देत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. हद्द ठरल्यानंतरही कोणी दुसऱ्याच्या जागेत बसून राहिले, तर महसूल संहितेच्या कलम १३८ खाली महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आमच्या बाबतीत ती वेळ आली नाही, कारण गडगा आमचाच चुकला होता आणि तो आम्हीच काढला. नवा गडगा घालताना पायाची बाहेरची कड हद्दीच्या रेषेपासून वीतभर आत घेतली आणि कोपऱ्यांचे दगड बांधकामात न गाडता बाहेरून दिसतील असे मोकळे ठेवले.